मार्सेलिसला तीन दिवस द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत युरोपच्या ट्रिपवर दोन पानं लेख आला होता. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम, व्हेनिस सगळं सविस्तर, कुठे काय खावं, कुठे शॉपिंग करावं, आणि मार्सेलिसच्या वाट्याला फक्त एक ओळ, की सावरकरांनी उडी मारली ते बंदर, वाटेत असेल तर फोटो काढावा. ती ओळ वाचली आणि मला राहवेना म्हणून लिहिते आहे. पत्र लांबणार आहे, पण शक्य झालं तर पूर्ण छापा, कारण एप्रिल-मेची बुकिंग आत्ताच चालू होतात आणि अडीच हजार वर्षांहून जुनं शहर आपले लोक तासाभराच्या हॉल्टमध्ये उरकून टाकतात ते बघून जीव तुटतो.

मी मुंबईच्या गोदीत हिशेब खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, आता अलिबागला असते. लेक आणि जावई दोघंही शिपिंगमध्ये आहेत आणि गेली सहा वर्षं मार्सेयला राहतात. मी तीनदा जाऊन आले, सगळं मिळून पाच महिने तरी राहिले असेन. (आधी नावाचं सांगते. आपण शाळेत मार्सेलिस शिकलो, पण तिकडे स्टेशनवर, बसमध्ये विचारताना मार्सेय म्हणा, नाहीतर समोरच्याला कळत नाही.)

जायचं तर पॅरिसहून ट्रेननेच जा. साडेतीन तासाच्या आत पोचवते. सेंट शार्ल स्टेशन टेकाडावर आहे आणि बाहेर पडलं की समोर खाली उतरणाऱ्या १०४ दगडी पायऱ्या, त्या पायऱ्यांवर जरा थांबायचं, कारण समोर लांब डोंगरावर सोनेरी मूर्ती असलेलं चर्च दिसतं आणि मधे सगळं शहर पसरलेलं. सामान असेल तर लिफ्ट-एस्केलेटर आहे, पण एकदा तरी पायऱ्या उतरा. मग कानबिएर नावाच्या मोठ्या रस्त्याने सरळ खाली चालत गेलं की बंदर. या रस्त्याचं नाव अंबाडीसारख्या दोराच्या झाडावरून, म्हणजे हेम्पवरून पडलंय, जहाजांचे दोर वळायचे ते इथे. गोदीत आयुष्य गेलेल्या माणसाला रस्त्याचं नाव दोरावरून असलेलं बघून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

जुनं बंदर म्हणजे व्ह्यू-पोर. तीन बाजूंनी घरं, हॉटेलं आणि मधे पाण्याची लांबट खाडी, तोंडावर दोन किल्ले, एक सेंट-जाँ आणि समोर सेंट-निकोला, दुसरा चौदाव्या लुईने बांधला. मी पहिल्या दिवशी सकाळी पाण्याकडे बघत उभी राहिले आणि दुपारी परत आले तर पाणी तिथेच! भरती-ओहोटी जवळपास नाहीच तिकडे. आपल्याकडे कुलाबा किल्ल्यात जायचं तर ओहोटीचं टाइमटेबल बघावं लागतं, मुंबईच्या गोदीला पाणी धरून ठेवायला दरवाजे लागतात, आणि इथे मासेवाला होडी धक्क्याला लावतो ती संध्याकाळपर्यंत त्याच उंचीवर. भूमध्य समुद्रावर एवढी जुनी बंदरं का टिकली ते मला त्या दिवशी थोडं कळलं.

रोज सकाळी या धक्क्यावर मासळी बाजार भरतो, मोठा नाही, दहाबारा टेबलं असतील, होडीतून उतरवलेली मासळी निळ्या ट्रेमध्ये जिवंत वळवळत असते. बायका पुरुष दोघंही विकतात, भाव ओरडून सांगतात, आणि खरं सांगते, भाऊच्या धक्क्यावरची आणि आमच्या अलिबागच्या कोळीणीची आठवण आली, भाषा कळत नसली तरी ताजं आहे ताजं आहे एवढं बरोबर कळतं. त्यांच्या शेजारी डोक्यावर मोठा आरसा लावलेला मांडव आहे, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरने २०१३ ला केलेला, स्टीलचा गुळगुळीत पत्रा, खाली उभं राहून वर बघितलं की आपणच उलटे दिसतो. पोरं तिथून हलत नाहीत.

त्याच धक्क्यावर पायाखाली धातूची एक पाटी आहे, लोक तिच्यावरून चालत जातात. तिच्यावर लिहिलंय की इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोसिया गावचे ग्रीक दर्यावर्दी इथे उतरले. फोसिया आजच्या तुर्कस्तानात. दंतकथा अशी की ते आले त्या दिवशी इथल्या राजाच्या मुलीचं, जिप्तिसचं स्वयंवर होतं, तिने पाण्याचा पेला ज्याच्या हातात द्यायचा तो नवरा, आणि तिने तो पेला पाहुण्या ग्रीकाला, प्रोतिसला दिला. लग्नात जमीन मिळाली आणि गाव वसलं, मसालिया. कथा खरी की खोटी सोडा, पण परक्या खलाशाला घरात घेऊन आपलं शहर सुरू झालं असं एखादं शहर स्वतःबद्दल सांगतं हे मला फार आवडलं. आमच्या अलिबागजवळचं चौल घ्या, पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांना माहीत असलेलं बंदर, सोपारा तसंच, कल्याण तसंच. चौलला आज नारळी-पोफळी आहेत आणि पडके बुरूज. मार्सेयचं बंदर मात्र कधीच ओसाड पडलं नाही. १९६७ ला शॉपिंग सेंटरचा पाया खणताना ग्रीक-रोमन काळचा धक्काच जमिनीखाली सापडला, आज तो उघडा ठेवलाय, बाजूला शहराच्या इतिहासाचं म्युझियम आहे, तिथे त्या काळच्या जहाजांची लाकडं ठेवलीयत. आपल्या टूरमधले लोक त्याच शॉपिंग सेंटरमध्ये जातात आणि मागचं बघत नाहीत.

आता सावरकरांबद्दल, कारण त्यासाठीच आपल्याला हे नाव माहीत आहे आणि ते असायलाच पाहिजे. ८ जुलै १९१०, मोरिया बोट लंडनहून त्यांना घेऊन मुंबईला चालली होती, नाशिकच्या खटल्यासाठी. सकाळी संडासाच्या खिडकीतून, त्या गोल पोर्टहोलमधून त्यांनी स्वतःला बाहेर काढलं, पोहत धक्का गाठला, वर चढून पळाले. फ्रेंच पोलिसाने धरलं आणि मागून आलेल्या पहारेकऱ्यांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या जमिनीवर पकडलेला राजकीय कैदी असा परत देता येतो का, हा प्रश्न मग हेगच्या लवादात गेला, फ्रान्स विरुद्ध ब्रिटन, आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला. पकडून परत देण्यात चूक झाली हे लवादाने मान्य केलं, पण म्हणून ब्रिटनने कैदी परत द्यायलाच हवा असा कुठला नियम नाही असं म्हणाले. इंटरनॅशनल लॉ शिकणारी पोरं अजून ही केस वाचतात. आपल्याकडे ही उडी सांगताना लोक समुद्र मैलोन्मैल करून टाकतात, त्याची काही गरज नाही. बोट बंदरात उभी होती, अंतर थोडंच होतं. थोड्या अंतरातही हिंमत तेवढीच लागते, खिडकीतून अंग सोलत बाहेर पडायचं आणि खाली परका देश, कोणाची भाषा येत नाही.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती ती ही की सावरकरांची मार्सेयशी ओळख त्या दिवशीची नाही. चार वर्षं आधी, १९०६ ला लंडनला जाताना ते इथेच उतरले होते. आणि हे शहर त्यांच्या दृष्टीने मॅझिनीचं होतं. इटलीतून परागंदा झालेल्या मॅझिनीने १८३१ ला तरुण इटली ही संघटना इथेच काढली. पुढे सावरकरांनीच मॅझिनीला मराठीत आणलं. म्हणजे जी मराठी पिढी स्वातंत्र्याची स्वप्नं बघत होती तिच्यासाठी मार्सेय हे नुसतं बोटीचं स्टेशन नव्हतं. मी तरी धक्क्यावर त्या उडीची पाटी शोधली, मला दिसली नाही. म्हणून ज्यांना तो फोटो काढायचाय त्यांनी कुठल्या तरी कठड्याला टेकून काढू नये, जरा ला जोलिएत भागात जाऊन ती नवी गोदी नीट बघावी. वाफेच्या बोटी आल्या तेव्हा जुनं बंदर पुरेना, मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बाहेरच्या अंगाला लांबच लांब बांध घालून ही गोदी केली, आणि १८६९ ला सुएझ उघडल्यावर मुंबई आणि मार्सेय एकदम शेजारी आले.

त्यानंतर किती लोक या दारातून गेले याचा हिशेब नाही. घाईचे प्रवासी आणि टपाल मार्सेयला उतरायचे आणि ट्रेनने पुढे जायचे म्हणजे जिब्राल्टरचा वळसा वाचायचा. गांधीजी १९३१ ला गोलमेज परिषदेला निघाले ते २९ ऑगस्टला मुंबईहून राजपुताना बोटीत बसले आणि ११ सप्टेंबरला मार्सेयला उतरले. त्याच्या आधी १९१४ ला, पहिलं महायुद्ध सुरू होऊन दोन महिने झाले नव्हते तेव्हा, २६ सप्टेंबरला लाहोर डिव्हिजनचे आपले शिपाई इथे उतरले, कापसाच्या पातळ कपड्यात, आणि थोड्याच दिवसात उत्तरेच्या थंडीत आणि चिखलात खंदकात गेले. शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथे युद्धस्मशान आहे, तिथे भारतीय सैनिकांचं स्मारकही आहे, १९२५ ला उभारलेलं. पंजाबी, गढवाली, गुरखा, कुठली कुठली नावं. फेब्रुवारी २०२५ ला आपले पंतप्रधान आणि फ्रान्सचे अध्यक्ष तिथे गेले होते आणि त्याच दिवशी शहरात आपलं कॉन्सुलेटही सुरू झालं, तेव्हा बातमी सगळ्यांनी वाचली असेल. मी लेकीबरोबर एका मंगळवारी गेले तर आम्ही दोघी आणि गवत कापणारा माळी, एवढंच. इतकं स्वच्छ ठेवलंय की बोलावंसंच वाटत नाही. टूरच्या बसला तिथे पाऊण तास पुरतो, पण कोणी नेत नाही.

आणखी एक गोष्ट गोव्याच्या वाचकांसाठी. बंदराबाहेर शातो दीफ नावाचं बेट-किल्ला आहे, द्युमा या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीतला कैदी तिथे कोंडलेला दाखवलाय म्हणून सगळं जग बघायला जातं, लाँच वीस मिनिटांत पोचवते. पण किल्ला बांधायच्या आधी त्या उघड्या बेटावर एक गेंडा उतरला होता, आपला गेंडा! गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीजांना दिला, जानेवारी १५१५ ला गोव्याहून जहाजात चढवला, मे महिन्यात लिस्बनला पोचला, तिथल्या राजाने तो पोपला भेट म्हणून पुढे पाठवला, वाटेत १५१६ च्या सुरुवातीला जहाज मार्सेयजवळ थांबलं आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा खास तो बघायला या बेटावर आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात असलेला बिचारा गेंडा त्याच्याबरोबर गेला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने न बघताच काढलेलं त्याचं प्रसिद्ध चित्र शाळेच्या पुस्तकात कधीतरी बघितलेलं असतंच. किल्ला नंतरच्या पंधरा वर्षात बांधला त्याच राजाने. मी त्या कठड्यावर बसले तेव्हा मला कैद्यापेक्षा त्या जनावराचीच जास्त आठवण येत राहिली. गोव्याहून निघून कुठल्या कुठे.

मार्सेयचा इतिहास सगळा असा गोड नाही आणि तो लपवतही नाहीत. माझ्यासारख्या गोदीतल्या बाईला सगळ्यात हलवलं ते १७२० च्या प्लेगने. २५ मे १७२० ला ग्राँ सेंत-आंतोआन नावाचं जहाज लेव्हंटहून म्हणजे आजच्या लेबनॉन-सीरियाच्या बाजूने कापड-कापूस घेऊन आलं. वाटेत माणसं मेली होती, इटलीतल्या लिव्होर्नो बंदराने आत घेतलं नव्हतं. मार्सेयला क्वारंटाईनची कडक पद्धत होती, बाहेरच्या बेटांवर जहाज थांबवायचं, माल उघड्यावर हवेला ठेवायचा, कागद तपासायचे. पण या मालात शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांचे पैसे होते, आणि नगरपालिकेच्या कारभाऱ्यांपैकीच एकाचे, आणि जुलैमधे बोकेअरची मोठी जत्रा होती जिथे ते कापड विकायचं होतं. नियम सैल पडले. जहाजातल्या गाठी आत आल्या, त्यांच्याबरोबर पिसवा आल्या. शहरात नव्वद हजाराच्या आसपास वस्ती होती त्यातले चाळीस हजाराच्या आसपास गेले. प्रेतं उचलायला कोणी उरलं नाही तेव्हा गलबतांवर वल्ही मारणाऱ्या कैद्यांना लावलं. तुरेत नावाच्या जागेवर शेकडो प्रेतं आठवडेच्या आठवडे कुजत पडली होती, शेवटी रोझ नावाच्या सरदाराने कैदी आणि शिपाई घेऊन ती बुरुजांच्या पोकळीत ढकलली. आज तिथे मोकळं मैदान आहे, समुद्राचा सुंदर व्ह्यू आहे, लोक संध्याकाळी सेल्फी काढतात.

गोदीच्या कामात आम्ही कागदावर एक सही कमी असली की माल सोडत नव्हतो, लोक वैतागायचे, शिव्या द्यायचे. त्या मैदानावर उभं राहून मला आमच्या खात्यातले ते जुने साहेब आठवले जे कोणाच्या फोनला ऐकायचे नाहीत. मुंबईनेही १८९६ चा प्लेग बघितलाय. त्यामुळे ही गोष्ट मुलांना तिथे उभं करून सांगा, दहा मिनिटं लागतात.

जुन्या बंदराच्या उत्तरेचा चढ म्हणजे ल पानिए, जुनी वस्ती, अरुंद बोळ, वाळत घातलेले कपडे, भिंतीवर चित्रं. हल्ली दुकानं जास्त झालीयत. या वस्तीचा खालचा बंदराकडचा भाग मात्र बघाल तर एकदम सरळ, एकसारख्या दगडी बिल्डिंगा, कारण जानेवारी १९४३ ला जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांना बरोबर घेऊन वीसेक हजार माणसं घराबाहेर काढली, शेकडो ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं आणि मग सुरुंग लावून दीड हजाराच्या आसपास इमारती पाडल्या. नगरपालिकेची जुनी इमारत आणि आणखी एक-दोन जुनी घरं तेवढी ठेवली. घर सोडायला नीट वेळही दिला नाही. वरच्या अंगाला व्हिएय शारिते आहे, सतराव्या शतकातलं अनाथ-गरिबांचं आश्रयघर, गुलाबी दगडाच्या तीन मजली कमानी आणि मधे छोटं घुमटाचं चर्च, पिएर प्युजे नावाच्या इथल्याच शिल्पकाराने आखलेलं. बाहेर कितीही गोंगाट असो आत शांत असतं, तिथे अर्धा तास नुसतं बसा.

आणि डोंगरावरचं चर्च, नोत्र दाम द ला गार्द, गावातले लोक त्याला बोन मेर म्हणतात, भली आई. जुन्या बंदरावरून ६० नंबरची बस वर नेते, गुडघे दुखणाऱ्यांनी चालत जायचा हट्ट करू नये. वर अकरा मीटरची सोनेरी मूर्ती, मेरी आणि बाळ, १८६४ पासून चर्च उभं आहे. आत गेलं की छताला लहान लहान जहाजं लोंबतायत आणि भिंतीभर संगमरवरी पाट्या आणि चित्रं, वादळातून वाचलो, ऑपरेशन नीट झालं, मुलगा युद्धातून परत आला. नवस! आपल्याकडे कोळी बांधव एकवीरेला जातात ना अगदी तेच. मी तिथे हात जोडले, शेजारची म्हातारी फ्रेंच बाई माझ्याकडे बघून हसली. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात. शहर सोडवणाऱ्या त्या सैन्यात अल्जेरिया-मोरोक्कोचे शिपाई मोठ्या संख्येने होते हे गाइड सांगत नाही, म्हणून मी सांगते.

खाण्याचं. बुयाबेस हे इथलं नाव, माशांचा रस्सा, पण आपल्या कालवणासारखा एकत्र येत नाही. आधी रस्सा येतो केशर घातलेला, त्यात टोस्टचे तुकडे लसूण चोळून आणि रुइय नावाची लाल तिखटसर चटणी लावून बुडवायचे, मग मासे वेगळ्या ताटात. रास्कास नावाचा लाल, काटेरी मासा त्यात हवाच. मूळचा हा कोळ्यांचा उरल्यासुरल्या मासळीचा रस्सा, आता चांगल्या ठिकाणी फार महाग, आणि बंदरावर स्वस्तात मिळतो तो घेऊ नका, त्यापेक्षा साधी भाजलेली तारली घ्या. शाकाहारी लोकांनी घाबरू नये. पानिस म्हणून जे मिळतं ते चक्क बेसन! पाण्यात बेसन घाटून, नळीसारखं थापून, गार करून, चकत्या कापून तळायच्या, वर मीठ-मिरपूड. पाटवडीची सख्खी बहीण. शहराच्या उत्तरेला लेस्ताकला समुद्राकाठी टपऱ्यांवर गरम मिळतं, माझ्या मिस्टरांनी, जे बाहेर कांदासुद्धा बघून खातात, दोन कोन संपवले. मग नोआय बाजारात जा, तिथे ट्युनिशिया-अल्जेरियाचे लोक, खजूर, मसाले, पुदिन्याच्या जुड्या, कुसकुस, भाज्या, एकदम आपल्या मंडईत आल्यासारखं वाटतं. आणि नाव्हेत, होडीच्या आकाराची कडक बिस्किटं, संत्र्याच्या फुलाचा वास असलेली, महिनाभर टिकतात, सोबत आणायला ती आणा. साबण आणा तो ७२ टक्के तेलाचा शिक्का असलेला चौकोनी आणा, फुलाफुलांचा रंगीत नको.

कोयरीच्या नक्षीचं सुती कापड दुकानातून लटकलेलं दिसेल, त्याला तिकडे अँदिएन म्हणतात, म्हणजे भारतीय. सतराव्या शतकात आपली छापील कापडं या बंदरात यायला लागली, लोकांना वेड लागलं, इथल्या पत्ते छापणाऱ्यांनी ठसे करून नक्कल सुरू केली, मग १६८६ ला राजाने बंदी घातली ती १७५९ पर्यंत. आपली कोयरी इथल्या प्रोव्हान्स प्रांताची पारंपरिक म्हणून टेबलक्लॉथवर बसली आहे, विकत घ्या न घ्या, हात लावून बघा. कोकणातल्यांनी मान वर करून छपरंही बघावीत. आपण मंगलोरी म्हणतो त्याच जातीची खाचेची कौलं इथल्या लेस्ताक-सेंट हेन्रीच्या भट्ट्यांतून भरभरून निघायची आणि जहाजांनी जगभर जायची.

तिथले लोक गप्पा फुगवून सांगतात असं पॅरिसवाले म्हणतात आणि दाखला देतात की मार्सेयचं बंदर एका सार्डिन माशाने अडवलं होतं. खरी गोष्ट अशी की सार्तिन नावाचं जहाज होतं, पाँडिचेरीहून फ्रेंच लोकांना घेऊन परत येणारं, ते १७८० ला बंदराच्या तोंडाशीच बुडालं आणि वाट अडली. आता ही सुद्धा आपल्याकडून गेलेली बोट. मी जावईबापूंना म्हटलं, इथली कुठलीही गोष्ट उकरा, खाली भारत निघतो.

सेफ्टीचं सगळे विचारतात म्हणून मोकळेपणाने लिहिते. अमली पदार्थांच्या टोळ्यांची मारामारी आहे, माणसं मरतात, ती बहुतेक उत्तरेच्या वसाहतींत, फुटबॉलपटू झिदान ज्या कास्तेलानमध्ये वाढला तो भाग त्याच बाजूचा, तिथे टुरिस्टचं काही काम नसतं. बंदर, पानिए, म्युझियम या भागात मी एकटी संध्याकाळी आठपर्यंत फिरले, पर्स पुढे धरली, मोबाइल हातात नाचवला नाही, बस. दादरला जसं राहतो तसं. गरिबी दिसते, कचरा दिसतो, हे खरं. नोआयजवळ ओबान रस्त्यावर ५ नोव्हेंबर २०१८ ला जुन्या बिल्डिंगा कोसळून ८ माणसं गेली, तिथून जाताना मुंबईच्या माणसाला काही समजावून सांगायला लागत नाही.

वेळ असेल तर कॅलांक बघा, शहराला लागूनच पांढऱ्या चुनखडीचे कडे आणि मधे निळ्या पाण्याच्या चिंचोळ्या खाड्या, २०१२ पासून नॅशनल पार्क. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने रस्ते बंद करतात, आणि सुजितोंच्या खाडीला तर सीझनमध्ये दिवसाला फक्त ४०० माणसं, आधी फुकट बुकिंग करावं लागतं. त्याच कड्यांत समुद्राखाली ३७ मीटरवर तोंड असलेली कोस्केर गुहा आहे, आदिमानवाने काढलेले घोडे आणि पेंग्विनसारखे पक्षी, खरी गुहा बघता येत नाही पण हुबेहूब नक्कल बंदराजवळ २०२२ पासून आहे, नातवंडांना घेऊन जा. आर्किटेक्चरची पोरं असतील तर चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएची सिते रादिएज बघा, ३३७ फ्लॅट्सची बिल्डिंग, १९५२ ला पूर्ण झाली, चंदीगडच्या आधीची, आणि दोन्ही युनेस्कोच्या एकाच यादीत आहेत. गच्चीवर जाता येतं.

बाकी कामाचं एवढंच. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर जा. मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटला की शातो दीफची लाँच बंद होते, म्हणून बेट पहिल्याच दिवशी उरका, शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आमच्या एका नातेवाइकांचं तसंच राहिलं. म्युसेम हे मोठं म्युझियम मंगळवारी बंद असतं, पण त्याची गच्ची आणि तिथून पुलाने सेंट-जाँ किल्ल्यात जायला तिकीट लागत नाही, सूर्यास्ताला तिथे असा.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे, पुढच्या वेळी मार्सेयला अर्धं पान द्या आणि टूरवाल्यांना विचारा की नीसहून बार्सेलोनाला जाणारी बस इथे तास-दीड तासच का थांबते. निदान दोन मुक्काम आणि मधले तीन दिवस हवेत. फोटो लागले तर माझ्याकडे मासळी बाजाराचे, माझार्गचे आणि धक्क्यावरच्या त्या ग्रीक खलाशांच्या पाटीचे आहेत, पाठवते.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, अलिबाग